हरकत आक्कांचं बाकडं

कुठलीही सभा असो, आक्का आधी हात वर करून "माझी हरकत हाय" म्हणत आणि मग शेजारणीला विचारत, "कशाचं चाललंय गं?" गणपतीची वर्गणी असो, नळाची वेळ असो, नाहीतर सत्यनारायणाच्या शिऱ्यात केळं किती घालायचं हे असो, आक्कांची हरकत ठरलेली. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. आम्ही त्यांना हरकत आक्काच म्हणायचो, तोंडावरसुद्धा. तेवढ्या एका गोष्टीला मात्र त्यांची कधी हरकत नव्हती.

आता बेळगावात यात नवल ते काय! आमचा मुलूखच सीमेवरचा. इथलं पोर आधी आई म्हणतं आणि लगेच निवेदन देतं. फरक एवढाच, की बाकीचे निवेदन देऊन चहाला जातात. आक्का उत्तर येईपर्यंत हलत नसत.

त्यांचं माहेर जांबोटी. पाऊस, जंगल आणि पायाला चिकटणाऱ्या जळवा यांत बालपण गेलेलं. त्यामुळं कुणी निसर्गाचं कौतुक सुरू केलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. "झाडं लई बघितली बाई. आता बाकडं बघायचं हाय," असं त्या म्हणायच्या. गुडघे गेलेले. आमच्या कॉलनीच्या बागेत बाकडी होती, पण ती सगळी फाटकाजवळ आणि पेन्शनर मंडळींच्या ताब्यात. ती मंडळी उजाडल्यापासून सीमाप्रश्न सोडवत बसलेली. आक्का म्हणत, "ह्यांचा प्रश्न सुटल्याबिगर बाकडं सुटायचं न्हाय."

मग आम्ही बायका फेऱ्या मारून मागच्या कोपऱ्यात, जांभळाखाली उभ्या राहायचो. तिथं करवंदीची जाळी माजलेली, खाली कायमची ओल. आक्का माझ्या खांद्यावर भार टाकून उभ्या राहत. घरातलं गाऱ्हाणं उभ्यानं सांगून संपत नाही, आणि गाऱ्हाणं संपायच्या आधी आक्कांचे गुडघे संपायचे. "पाठ टेकायला येईल असलं एक बाकडं, हितं. आणि जित्तेपणी. मेल्यावर नावाचं नको," एवढीच त्यांची मागणी होती.

त्यातच महापालिकेनं बागेचा निसर्गपूरक आराखडा करायचं ठरवलं, तोही नागरिकांना विचारून. शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. साहेब कानडीत बोलले, बेंगळुरूहून आलेली तज्ज्ञ मुलगी इंग्रजीत, आम्ही मराठीत. सगळ्यांना सगळ्यांचं कळत होतं. ऐकत कुणीच नव्हतं. निसर्ग वाचवण्यासाठी नागरिकांनी सुचवलं काय, तर कारंजं, व्यायामाची यंत्रं, एक देऊळ आणि आत गाड्या लावायला जागा. योगासनवाल्यांना ऊन कमी पडत होतं, म्हणून त्यांनी दोन झाडं तोडायची सूचना केली.

मुलगी बिचारी मोडक्या मराठीत म्हणाली, "मागचा कोपरा तसाच ठेवूया. पक्षी येतात, बेडूक आहेत."

"माझी हरकत हाय," आक्का उठल्या. "साप पाळायला घरपट्टी भरतोय व्हय आम्ही?"

"आजी, जैवविविधता..."

"जांबोटीचा जलम हाय माझा, बाळ. तुझी ती विविधता मी पायावर वागवलीया. बाकडं दे."

टाळ्या पडल्या. बाकडं मंजूर झालं. जाळी काढून, फरशी घालून, जांभळाखाली, पाठ टेकायच्या सोयीसकट. आक्कांनी त्या आनंदात कॉलनीभर कुंदा वाटला.

उन्हाळ्यात कोपऱ्यात खडीचा ढीग येऊन पडला आणि आक्का रोज तो बघायला जाऊ लागल्या. एका सकाळी डोक्यावर टिटवी किंचाळत घिरट्या घालायला लागली. टिटवी ओरडली की काहीतरी वाईट होणार, हे आमच्याकडं पोरासोरांनाही माहीत. आक्कांनी तिला जांबोटीच्या ठेवणीतल्या शिव्या हासडल्या आणि मग खाली बघितलं. खडीतच, खडीच्याच रंगाची अंडी. "ह्या अवदसेला आख्ख्या बेळगावात माझंच बाकडं घावलं व्हय!" आक्का कपाळाला हात लावून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. आम्ही सगळ्याजणी नारळ घेऊन हजर. आक्का पुढं झाल्या, आम्हाला वाटलं नारळ फोडणार. त्या ढिगासमोर उभ्या राहिल्या.

"माझी हरकत हाय."

मुकादम चक्रावला. "आज्जी, तुमच्याच बाकड्याचं काम हाय की!"

"म्हाईत हाय मला. बाळंतिणीला उठवून तिच्या जागी कोण बसतंय व्हय रं? पिल्लं चालाय लागू देत, मग कर."

मुकादमाला काय, त्याला गावभर कामं. तो जेसीबी घेऊन गेला तो गेलाच. आमच्याकडं काम थांबवणं सोपं. थांबलेलं काम पुन्हा चालू करायला मात्र ब्रह्मदेवच लागतो. पिल्लं चालली, उडाली, पाऊस लागला, खडीवर गवत आलं. मंजूर झालेलं बाकडं एके दिवशी आलं आणि फाटकाजवळ बसवलं गेलं. त्यावर लगेच चौघे पेन्शनर बसले.

पावसानंतर ती तज्ज्ञ मुलगी आली. बेडूक, फुलपाखरं बघून नाचायचीच बाकी राहिली. पुढच्या सभेत तिनं आक्कांची ओळख पर्यावरणप्रेमी म्हणून करून दिली, साहेबांनी शाल दिली. आक्का शाल सावरत म्हणाल्या, "माझी हरकत हाय. मला बाकडं पाहिजे होतं." सगळा हॉल हसला. मीही हसले. नंतर बागेत त्यांचा भार खांद्यावर पडला तेव्हा जाणवलं, की त्या चेष्टा करत नव्हत्या.

गेल्या थंडीत आक्का गेल्या. त्या सकाळपासून माझा उजवा खांदा हलका झाला, आणि ते हलकेपण मला अजून सोसत नाही.

परवा, भर वैशाखात, पुन्हा सभा झाली. साहेब म्हणाले, "आक्कांच्या स्मरणार्थ त्याच कोपऱ्यात बाकडं बसवू. त्यांचं नाव घालू. उद्याच जागा साफ करून घेतो." काय टाळ्या पडल्या! पेन्शनरांनी तर उभं राहून वाजवल्या. बाई उभी होती तोवर एकानं सरकून जागा दिली नाही.

टाळ्या थांबल्या. सवयीनं सगळ्यांनी आक्कांच्या खुर्चीकडं बघितलं. खुर्ची रिकामी. आजवर सभेत मी कधी तोंड उघडलेलं नाही, पण हात आपोआप वर गेला.

"माझी हरकत हाय."

"बाकड्याला? आक्कांच्या?" साहेबांनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. सकाळीच बघून आले होते. "तिथं बाळंतीण हाय."