उघडून पाहिलेली सात कलमं

त्या हिवाळ्यात मी एकदम तीन कामं शिकत होते. सकाळी सौंसर रोडवरच्या संत्र्याच्या नर्सरीत कलम बांधणं, दुपारी शिलाईचा क्लास, आणि दिवेलागणीला शेजारच्या बाईंकडे स्वेटर विणणं. हौस म्हणून नाही. एक नाही जमलं तर दुसरं हाताशी असावं, दुसरं नाही तर तिसरं, अशी भीती होती.

मी लेकीला घेऊन सासरहून, रामाकोन्याहून, पांढुर्ण्याला माहेरी आले होते. सासरी दार आतून लावून मला मारत. त्याबद्दल एवढंच लिहिते. दादा दिवाळीपर्यंत काही बोलला नाही. मग एकदा जेवताना म्हणाला, "बाई, हाताला पक्कं काम लागलं तर राह्य. नाही तर संक्रांतीनंतरच्या शनिवारी आपण जामसांवलीला दर्शनाला चाललो, तेथून रामाकोना काय दूर आहे? सोडून देतो तुले."

वहिनी भाकरी वाढता वाढता हसली. "पक्कं काम? पोरीले अर्धं झंपर अन् अर्धं स्वेटर घालशीन काय?"

मी मान खाली घालून जेवले.

नर्सरीत मी मुळात निंदायला जायची. कलमं बांधायचं काम एक म्हातारे बाबा करत. त्यांची नजर कमी झाली होती, म्हणून ते मला शिकवू लागले. संत्र्याच्या चांगल्या झाडाची काडी घ्यायची, तिच्यावरची कोंब फुटायची जागा, म्हणजे डोळा, सालीसकट अलगद काढायचा. जंबेरी लिंबाच्या रोपाला चीर देऊन तो आत बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गच्च गुंडाळायची. तीन आठवड्यांनी पट्टी सोडली की डोळा हिरवा दिसला तर जगला, काळा दिसला तर मेला.

माझ्या हातून साल फाटायची. एकदा बाबांनी माझा चाकूचा हात धरला.

"मन कोठं आहे तुयं?"

"येथंच आहे, बाबा."

"येथं नाही. बोटं पाह्य आपली. टाके मोजून राहिली तू."

खरंच माझ्या दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता. आदल्या संध्याकाळी स्वेटरचे टाके चुकले होते.

"तीन जागी जातं अन् तिन्ही जागी भेतं," बाबा म्हणाले. "एक धर."

"अन् तेच नाही जमलं तर?"

बाबांनी माझा हात सोडला आणि ते पुढच्या रोपापाशी जाऊन बसले. ते 'जमेल' म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी खोटं सांगितलं नाही.

मी शिलाई सोडली. क्लासच्या बाईंना सांगायची हिंमत झाली नाही, दुसऱ्या गल्लीने जाऊ लागले. विणायच्या सुया परत केल्या तेव्हा वाटलं, विहिरीत उतरताना कोणी दोर काढून घेतला. पण हळूहळू साल फाटायची थांबली. चाकू सालीखाली सरकताना लाकडाला कुठे टेकतो, ते बोटांना कळू लागलं.

पौषात नर्सरीच्या मालकांनी मला कलमं बांधायला साठ रोपांची एक ओळ दिली. "दहापर्यंत मेले तर चालते. त्याच्या वर गेले तर निंदणावरच राहा लागीन." त्या ओळीच्या पट्ट्या सोडायचा दिवस शुक्रवार ठरला. दादाचा शनिवार त्याच्या दुसऱ्याच दिवशी होता.

बांधून झाल्यावर वाट पाहण्याशिवाय काही काम उरलं नाही आणि तेच मला झेपलं नाही. नवव्या दिवशी कोणी नाही असं पाहून मी एक पट्टी सोडली. डोळा हिरवा होता. जीव इतका हलका झाला की मी परत बांधून दुसरी सोडली. मग तिसरी. सात झाल्यावर बाबांचा खोकला ऐकू आला, तेव्हा उठले. रात्री पडल्यावर आठवलं, पहिल्याच दिवशी बाबा म्हणाले होते, वारा लागला की सांधा सुटतो. पुढचे बारा दिवस मी त्या ओळीकडे पाठ करून निंदत होते.

गुरुवारी वहिनीने माझं आणि लेकीचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. रागाने नाही. जायचं म्हणून.

शुक्रवारी मालक उभे राहिले आणि बाबा पट्ट्या सोडत गेले. ओळीच्या तोंडचे सातही डोळे काळे. पुढे हिरवे, हिरवे, एक काळा, पुन्हा हिरवे. मी मोजत होते. ओळ संपली तेव्हा काळे अकरा होते.

"एक जास्त झाला, बाई," मालक म्हणाले आणि वळले.

तोवर मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. मी त्यांच्या मागे दोन पावलं गेले. "पहिले सात मी उघडून पाहिले होते. मेले नव्हते ते. म्या मारले."

"काहून उघडले?"

"भेव वाटत होतं."

मालकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा पट्ट्या गोळा करत म्हणाले, "हात बरोबर आहे तिचा. बसून राहणं जमत नाही."

मालक परत माझ्याकडे वळले. "सोमवारी दुसरी ओळ घे. पण पट्ट्या बाबाच सोडतीन. तू हात लावला तर पाह्य."

दादाला मी दारातच सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, "मालक सोताच म्हणाले?" मी मान हलवली. शनिवारी ते जामसांवलीला गेले. मी आणि लेक घरी राहिलो. मला आनंद व्हायला हवा होता. पण फाटकाशी कोणी थांबलं की मी अजून लेकीला आत ओढून घेत होते.

गाठोडं दाराशीच होतं. लेक म्हणाली, "आई, माहा फ्राक काढून दे ना." मी तिला जुनाच धुऊन घातला. दुसऱ्या ओळीच्या पट्ट्या सुटेपर्यंत मी त्या गाठीला हात लावला नाही.