दोन ई-रीडर आणि आईचा राखून ठेवलेला निकाल

गेल्या वर्षी आईची मनगटं दुखायला लागली आणि कधी नव्हे ते तिनं हातात घेतलेलं जाडजूड पुस्तक चार पानांत खाली ठेवलं. जन्मभर वाचत आलेली बाई. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधेसुद्धा तिचं पान उलटायचं. बाबा गेल्यापासून पार्ल्याच्या घरात ती आणि तिची पुस्तकं एवढंच उरलं होतं. आता वाचनही सुटलं तर ही दिवसभर करणार काय?

मी मुलुंडला राहतो, धाकटी बहीण बोरिवलीला. आईकडे जाणं सणावारापुरतं उरलं होतं. मला दादरला गाडी बदलावी लागते आणि तिला लागत नाही, हे मी तिला ऐकवायचो. तिची मुलं लहान आहेत आणि माझी नाहीत, हे ती मला. दोघांचीही कारणं बिनतोड होती.

आईला हलका ई-रीडर द्यायचा, यावर आमचं एकमत झालं. ते शेवटचं. माझ्याकडे काळा होता, पानं उलटायला कडेला बटणं असलेला. बहिणीकडे पांढरा, बोटानं पडदा सरकवायचा आणि पिवळसर उजेड देणारा. आपला डॉक्टर आणि आपलं यंत्र यांच्याबाबतीत मध्यमवर्गीय माणूस तडजोड करत नाही.

"बटणं कसली दाबतेय ती? मनगटं दुखतायत ना तिची!" बहीण म्हणाली.

"आणि तुझ्यात बोट चुकून लागलं की तीन पानं पुढे जातात."

"माझा पाण्यात पडला तरी चालतो."

"आई काय पोहताना वाचणार आहे का गं?"

मग आम्ही अभ्यासाला लागलो. दोन यंत्रं शेजारी ठेवून त्यांची तुलना करणाऱ्या तरुणांचे व्हिडिओ मी रोज बघायचो. ती मुलं पडद्याचा काळेपणा मोजत, कडा चाचपत, पान किती झटक्यात उलटतं ते दाखवत. वाचताना मात्र एकही कधी दिसला नाही. तशी तक्रार करायला मला तोंड नव्हतं, कारण त्या सगळ्या महिन्यांत मीही एक पुस्तक पुरं केलं नाही. एका कंपनीची पुस्तकं दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात उघडत नाहीत, हे मी बायकोला जेवताना समजावून सांगितलं. तिनं आमटी वाढली.

शेवटी असं ठरलं, की दोघांनी आपापलं यंत्र आईकडे ठेवायचं आणि तिनं वापरून निकाल द्यायचा. दोघांनीही त्यात तिच्या आवडीची कादंबरी घातली, अक्षरं मोठी करून दिली. बहीण शनिवारी जाऊन माझ्या यंत्रातल्या खोडी दाखवू लागली. म्हणून मला रविवारी जाऊन त्या खोडून काढणं भाग पडलं. असं दर आठवड्याला. मी गेलो की काळं यंत्र आईच्या मांडीवर असायचं. "बरं आहे रे, छान दिसतं," असं ती म्हणायची आणि मी विजयी मुद्रेनं तिच्या हातचं थालीपीठ खायचो. शनिवारी पांढरं मांडीवर असतं, हे मला माहीत नव्हतं.

खरं तर कळायला हवं होतं. मावशीनं दिलेली साडी मावशी येणार त्याच दिवशी नेसायची, आत्यानं दिलेली आत्या येते तेव्हा, ही आईची जुनी रीत. एरवी ती आपल्या दोन सुती साड्यांत खूश. आम्ही हे लहानपणापासून बघत आलो, आणि तरी फसलो.

एका शनिवारी बहिणीच्या मुलाच्या शाळेत पालकसभा निघाली, म्हणून ती न कळवता रविवारी आली. बेल वाजली. आईनं जाळीतून तिला पाहिलं, चपळाईनं टीव्हीखालच्या खणात काळं यंत्र टाकलं आणि पांढरं काढलं. मग मी तिथेच बसलोय हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं काळंही परत बाहेर काढलं. बहीण आत आली तेव्हा आई दोन हातांत दोन यंत्रं घेऊन उभी होती.

आम्ही दोन्ही उघडून पाहिली. दोन्ही कादंबऱ्या पहिल्याच पानावर, आम्ही ठेवल्या तशा.

"म्हणजे तू वाचतच नाहीस?" माझा आवाज चढला. मी खरंच घाबरलो होतो.

आईनं उशीखालून एक पातळ चोपडं काढलं. मग दुसरं. एक जाडजूड कादंबरी तिनं भाजीच्या सुरीनं कापून तिचे भाग केले होते आणि गोधडीच्या दोऱ्यानं टाचले होते. पानाचा कोपरा दुमडला म्हणून जिनं आम्हाला धपाटे घातले होते, ती ही बाई!

"हलकं झालं ना मग," ती म्हणाली. "अशी कापून वाचलेली तिसरी कादंबरी आहे ही."

"अगं, मग यंत्रं नकोत असं सांगायचं ना आम्हाला!" बहीण म्हणाली. "नाहीतर एक निवडायचं सरळ."

आई खुर्चीत बसली. दोन्ही यंत्रं तिनं मांडीवर एकावर एक ठेवली.

"ही शनिवारी येते तुझ्यात खोट काढायला. तू रविवारी येतोस हिच्यात काढायला. एकाचं निवडलं की दुसरा कशाला येईल? आणि ज्याचं निवडलं तो तरी काम झाल्यावर कशाला येईल?"

हे ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती सहज बोलली. मला लाज वाटली आणि रडूही आलं. बहीण माझ्याकडे न बघता चहा टाकायला आत गेली.

पुढच्या रविवारी मी तिसऱ्याच कंपनीचं यंत्र घेऊन पार्ल्याला गेलो. बहीण आधीच येऊन बसली होती. तिनं ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "जड आहे रे."

"हो का?" आई म्हणाली. "मग नीट बघावं लागेल. घाई नको."