तोफा काढलेलं जहाज

मी समुद्र पाहिलेला नाही. तरी मी एक जहाज बदललं. लढाईचं होतं, ते मालाचं केलं, आणि चांगलं केलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं वाचणाऱ्याला माझीच चूक दिसणार आहे. दिसू दे.

माझी शाळा दुसरीपर्यंत. पण परंड्याच्या अलीकडच्या दहा-बारा गावांत विहिरीवरचं ऑइल इंजिन बंद पडलं की मलाच बोलावणं यायचं. लांबून आवाज ऐकून मी सांगायचो, नोझल चोंदलंय का रिंगा गेल्यात. माणसं मला मिस्त्री म्हणायची, वयानं मोठी माणसंसुद्धा. बहात्तरच्या दुष्काळात विहिरींचे तळ उघडे पडले आणि इंजिनं गप झाली. पाणीच नाही तर इंजिन बिघडणार कशानं. कुणी हाक मारीना. घरात हातोडी होती, ती घेऊन पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेलो. ज्यांची इंजिनं मी चालू करून दिली होती तेच शेजारी बसून दगड फोडत होते, त्यामुळं मान खाली घालायचं कारण नव्हतं. पण मी घातली.

माझा धाकटा भाऊ नौदलात होता, इंजिनाच्या खात्यात. दुष्काळाच्या आधी तीन वर्षं तो सुट्टीवर आला, तेव्हा परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून घेतलेला एक पुठ्ठ्याचा खोका त्यानं आणला होता. आत राखाडी प्लास्टिकचे शे-दीडशे तुकडे, बारीक काड्यांना शेंगांसारखे लटकलेले. आठ दिवस ओट्यावर मांडी घालून त्यानं ते एका नळीतल्या उग्र वासाच्या डिंकानं जोडले. हातभर लांब लढाऊ जहाज तयार झालं. आमच्या आईला, आम्ही तिला माय म्हणायचो, तेव्हा दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. त्यानं तिची बोटं हातात धरून सगळं जहाज फिरवून दाखवलं. हे धुराडं, इथं कप्तान, ह्या तोफा. तोफा खरोखरच्यासारख्या फिरायच्या.

"आन् तू कुठं?"

"मी ह्या खाली, पोटात. इंजिनापाशी."

"तोफा डोक्यावर घिऊन बसतूस व्हय रं?" माय म्हणाली. तो हसला.

त्याच सुट्टीत आमचं वाजलं. मी त्याला एसटीवर सोडायला गेलो होतो. गाडीला उशीर होता, बोलत उभे होतो. तो म्हणाला, "अण्णा, आमच्या जहाजाचं इंजिन बघशीला तर येडं व्हशीला. आपली अख्खी आळी मावंल त्यात. तुमची ही विहिरीवरची इंजिनं म्हंजी पोरांचा भोवरा."

हसत बोलला. पण हसून बोललेलं जास्त लागतं. त्याला इंजिन म्हणजे काय हे मीच दाखवलं होतं. मी म्हणालो, "मग त्यालाच घर समज. माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको."

गाडी आली. तो बसला, काही बोलला नाही. घरी येऊन मायला सांगितलं, गेला नीट. बाकीचं सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

पुढं पत्रं कमी झाली. दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात लढाई झाली. चावडीवरच्या रेडिओत जहाजांच्या बातम्या यायच्या आणि त्या ऐकून कुणी ना कुणी मायला येऊन सांगायचं. लढाई संपल्यावर त्याचं एक कार्ड आलं, खुशाल आहे म्हणून. मायचं त्यानं समाधान झालं नाही. लढाई संपली तरी तोफा तर आहेतच, असं तिचं म्हणणं. कोनाड्यातलं ते जहाज ती रोज चाचपायची आणि तोफांची तोंडं भिंतीकडं करून ठेवायची. मग तिनं देवीला बोलून घेतलं की लेक तोफांच्या जहाजावरून उतरेपर्यंत रातची भाकरी खाणार नाही.

दुष्काळात सगळेच अर्धपोटी होते, त्यात हिनं अर्ध्यातलं अर्धं सोडलं. दोन-तीन महिन्यांत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. माझी बायको विनवायची, "आत्याबाई, निदान घोटभर आंबील तरी घ्या." माय म्हणायची, "देवीला सबुद दिलाय, तुला न्हाय."

सोसायटीच्या गोदामात तेव्हा बाहेरदेशची लाल ज्वारी यायची, मिलो. तिची भाकरी थापताना फुटायची. एकदा दुपारची तीच भाकरी चावत मायनं विचारलं, "ही येती कुठनं?"

"लांबनं. जहाजातनं," मी म्हणालो.

"तोफांच्या?"

"न्हाय. मालाची जहाजं निराळी. त्यांच्यावर तोफा नसत्यात."

ती चावायची थांबली. तिच्या त्या चेहऱ्याकडं बघून माझ्या तोंडातून निघून गेलं, "आपला धाकला आता तसल्याच जहाजावर हाय. बदली झाली त्याची. हीच ज्वारी आणतूय त्यो."

"तुला कुणी सांगितलं?"

"कळवलंय त्यानं."

"मग कोनाड्यातलं जहाज तसलं न्हाय ना," माय म्हणाली. "मालाचं कसं आसतंय ते म्या हातानं बघीन, मग खाईन."

अशी म्हातारी. मीही तिचाच मुलगा. मास्तरांकडून भूगोलाचं पुस्तक मागून आणलं. त्यात मालाच्या जहाजाचं चित्र होतं, अंगठ्याएवढं. चार दिवस त्याच्याकडं बघितलं. घर मागच्या अंगाला, मधे मोकळं पठार, त्यावर दोन-तीन डोलकाठ्या. बाकी काय ते अंदाजानं.

कामावरून आल्यावर उजेड असेतोवर आणि बाजाराच्या दिवशी दिवसभर मी त्याच्या मागं लागलो. आधी तोफा. करवतीचं जुनं पातं तापवून बुडख्यापासून कापल्या. लोण्यासारख्या सुटल्या, धूर मात्र डोळ्यांत जायचा. मधलं कप्तानाचं घर कापून मागं नेलं. सरस लावून बघितला, पंक्चरचं सोल्युशन लावून बघितलं, कशानं धरीना. शेवटी सायकलची तार लाल करून प्लास्टिकलाच प्लास्टिक डागलं. पडलेली भोकं तोफांचंच प्लास्टिक वितळवून बुजवली. डोलकाठ्या तारेच्या केल्या, त्यांना माल उचलायला दोऱ्याचे रहाट बसवले.

जहाज अंगानं सुरीसारखं निमुळतं होतं. मालाचं पोट मोठं पाहिजे. तुपाच्या डब्याचा पत्रा ठोकून दोन्ही बाजूंनी फुगवटा चढवला. राहिलं धान्य ठेवायचं. चित्रात पठारावर चौकोनी रेघा होत्या, त्या मला पटल्या नाहीत. धान्य ठेवायची जागा म्हणजे पेव. जमिनीत खोल, आत फुगीर, वर माणूस उतरेल एवढंच गोल तोंड, त्यावर फरशी आणि माती. आमच्या पेवात ज्वारी चार-चार साल किडत नव्हती. समुद्रावर तर ओल जास्त, मग तोंड लहानच पाहिजे. मी तीन गोल तोंडं पाडली आणि त्यांना झाकणं केली.

बायको म्हणाली, "इंजनं बंद पडली म्हणून आता जहाजं दुरुस्त करता व्हय?"

कामावरही बातमी गेली. एक जण म्हणाला, "मिस्त्री, सोडायचं कुठं? परंड्याच्या किल्ल्याच्या खंदकात?" दुसरा म्हणाला, "खंदकात पाणी आसतं तर म्या ह्येला कशाला सोडलं आसतं, मीच जाऊन पडलो आसतो." मी हसलो नाही.

शेवटी पाइपाला लावायचा लाल रंग उरला होता तो दिला. बायको म्हणाली, "त्यास्नी दिसत न्हाय, रंग कुणाला?" म्हणालो, "मला दिसतं."

रंग वाळल्यावर जहाज मायच्या मांडीवर ठेवलं. तिनं नाकापासून शेपटापर्यंत हात फिरवला. तोफांच्या जागी बोटं थांबली, तिथं गुळगुळीत लागलं. मग गोल तोंडाला बोट लागलं आणि ती म्हणाली, "पेव हाय ही."

"तीन हायती."

"रिकामं भांडं कुणाच्या हातात देऊ नये," म्हणत तिनं सुनेकडून मूठभर मिलो मागून घेतली आणि तिन्ही पेवांत दाणे सोडले. झाकणं लावली. त्या दिवशी दिवेलागणीला तिनं भाकरी खाल्ली. मी भिंतीला टेकून बघत होतो. इतकं समाधान मला कुठल्या इंजिनानं दिलं नव्हतं.

ते महिना-दीड महिना टिकलं. एक दिवस मी कामावरून आलो तर माय जहाज मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, "थोरल्या, पेव रिकामं झालं की मानूस वर येतंय का न्हाय?"

"येतंय की."

"मग माल उतरला की ह्यो मोकळाच की. सरकारचा हुकूम न्हाय, लढाई न्हाय. माल उतरला, घरला आला. सोसायटीत तर चार येळा ज्वारी आली. त्यो का येत न्हाय?"

मी म्हणालो, लांब पडतं.

"आधी सरकार सोडत नव्हतं," ती म्हणाली. "आता कोन सोडत न्हाय?"

याला माझ्याकडं उत्तर होतं. ते एसटी स्टँडवर मीच दिलेलं होतं. सांगितलं नाही. तोफा होत्या तोवर तिला मुलाच्या जिवाची भीती होती, पण मुलगा तिचा होता. तोफा काढल्यावर भीती गेली आणि मुलगाही गेला. भाकरी खात राहिली, पण त्याचं नाव घ्यायचं तिनं सोडलं. दारात कुणी त्याची चौकशी केली तर म्हणायची, "हाय मालाच्या जहाजावर. त्याला येळ न्हाय." मी एक कार्ड आणून ठेवलं होतं. भावाला दोन ओळी लिहायच्या, ये म्हणून. लिहिता येत होतं मला. पण जाताना तो गप गेला होता, तेव्हा पहिला शब्द त्याचा यायला पाहिजे होता. कार्ड तसंच राहिलं.

पाऊस झाला, विहिरींना पाणी आलं, मला पुन्हा हाका यायला लागल्या. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी एसटी स्टँडवर इंजिनाचं सामान उतरवून घ्यायला गेलो होतो, तर गाडीतून भाऊ उतरला. माझ्या बायकोनं मास्तरांकडून त्याला पत्र लिहून घेतलं होतं, सासू खंगत चालली म्हणून. मला विचारलं नव्हतं. जहाजाचं, बदलीचं त्यात काही नव्हतं.

तो पाया पडला. मी त्याची ट्रंक उचलली आणि पुढं चालायला लागलो. स्टँडपासून घर पाऊण मैल. एका वाक्याचं काम होतं. मालाच्या जहाजावर आहेस असं सांग मायला. पाऊण मैलात ते वाक्य माझ्या ओठापर्यंत किती वेळा आलं असेल. पण ते सांगायचं म्हणजे मी खोटं बोललो हेही सांगायचं, का बोललो तेही सांगायचं. ट्रंक जड होती. खांदा बदलला, बोललो नाही. तो मागून आला.

मायनं त्याचं तोंड चाचपलं, खांदे चाचपले. मग म्हणाली, "माल उतरवून आलास व्हय?"

"कसला माल, माय?"

"ज्वारीचा. मालाच्या जहाजावर हायेस न्हवं तू?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मी उंबऱ्यात ट्रंक धरून उभा. तो म्हणाला, "न्हाय माय. हाय त्याच जहाजावर हाय मी. तोफांच्या."

बायको चुलीपासून उठून उभी राहिली. मग माय हळूच म्हणाली, "मग सुट्टी?"

"मिळत न्हवती. लढाई झाल्यापासनं कुणालाच सोडत न्हवते."

मायनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि छातीशी नेला. "तरीच," म्हणाली. "तरीच म्हनलं. सरकारनंच सोडलं न्हाय माझ्या लेकराला." आणि रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी तिला मोकळं बघितलं. तोफांचं भय त्या दिवशी तिला आठवलंही नाही.

तो आठ दिवस राहिला. जायच्या आदल्या दिवशी त्यानं कोनाड्यातलं जहाज काढलं. गोल तोंडांवरून बोट फिरवलं. "हे काय केलंय?"

"पेवं."

"असलं जहाज नसतंय, अण्णा. पत्र्याच्या वजनानं उलटंल हे."

"पाणी व्हतं का बघायला?"

त्यानं ते परत ठेवलं. मग माय ऐकणार नाही अशा बेतानं म्हणाला, "सुट्टी दर साल व्हती. तुम्ही उंबऱ्याला पाय लावू नको म्हनला व्हता."

मी म्हणालो, "आता लावलास की." त्याचं खोटं मी मायला कधी सांगितलं नाही. तेवढं माझ्या हातात होतं, तेवढं केलं.

त्यानंतर माय चार वर्षं जगली. तिला न्हाऊ घालायला पाणी मी आणायचो, दवाखान्यात गाडीत घालून मी न्यायचो. पण आभाळ आलंय म्हटलं तर ती सुनेला विचारायची, "खरंच आलंय का गं?" औषध दिलं तर विचारायची, "डाक्टरनं ह्येच दिलंय न्हवं?" सून हो म्हणाली की घ्यायची. मी रागावलो नाही. मला विचारायचं तिनं सोडलं होतं, आणि रागवायला आधी कुणीतरी विचारावं लागतं.

भावाची पत्रं पुन्हा सुरू झाली. पोस्टमन ती माझ्याच हातात द्यायचा. मला वाचता येतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, अडखळत का होईना, पण येतं. मी फोडायला लागलो की माय हात पुढं करायची. पत्र घेऊन घडी घालून पदराखाली ठेवायची आणि संध्याकाळी मास्तर शाळेतून परत येईपर्यंत तशीच दारात बसून राहायची.