दवंडीतलं जादा वाक्य

दत्तोबाच्या घरात दवंडीचा मान तीन पिढ्यांचा. काळेवाडीपासून सांगवीपर्यंत कुणाची म्हैस हरवो की तलाठ्याचा हुकूम येवो, दत्तोबाच्या हलगीवर टिपरी पडली की बायका तव्यावरची भाकरी तशीच सोडून दारात येत. बापानं जाताना त्याला एकच बजावलं होतं, "दवंडी म्हंजी दुसऱ्याचं बोलणं. त्यात आपलं एक अक्षर घालायचं न्हाई." तीस वर्षं त्यानं ते पाळलं. सत्तावन्न सालच्या निवडणुकीत मात्र त्याची जीभ सुटली.

सुटली ती लक्ष्मणरावांमुळे. जुने इनामदार, डोक्याला रुमाल, कपाळाला गंध आणि आमदारकीला अपक्ष उभे. त्यांनी दत्तोबाला ओसरीवर सतरंजीवर बसवलं, कपबशीतून चहा पाजला आणि म्हणाले, "दत्तोबाराव, आमचा आवाज म्हणजे तुम्ही." जन्मात कुणी त्याला राव म्हटलं नव्हतं. गडी तिथंच विरघळला.

दत्तोबाला वाचता येत नव्हतं. कारकुनानं तीनदा वाचून दाखवलं आणि लक्ष्मणरावांची पाचही कलमं त्याला तोंडपाठ झाली. देवस्थानाच्या इनामाला हात लावू देणार नाही. दारूबंदी सैल होऊ देणार नाही. गाय कापणाऱ्याला सोडणार नाही. बापाच्या जमिनीत लेकीला वाटा देणारा दिल्लीचा कायदा घरं फोडणारा आहे, त्याला विरोध. आणि पाचवं, पिंपरीला औषधाचा कारखाना आला तेवढा पुरे, आता कसत्या रानातलं ढेकूळसुद्धा कारखान्याला जाऊ देणार नाही. सगळा मुलूख संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी दणाणत होता, पण लक्ष्मणराव म्हणायचे, राज्य कुठलंही होवो, आधी माती आणि धर्म.

चौथं कलम ऐकून दत्तोबाची लेक फणकारली होती. "आबा, आपल्यात वाटायला हाय काय? येक हलगी! ती बी मला द्यायची न्हाई का?" दत्तोबा हसला. त्याचा जीव पाचव्या कलमात अडकला होता. रस्त्याकडेच्या रानांत पाटलोणवाले साहेब दुर्बिणी लावून फिरून गेले होते आणि गावाला जमिनीची धास्ती लागली होती.

सगळ्यात मोठी धास्ती छबूबाईला. दत्तोबाच्या मयत मित्राची, मारुतीची ही बायको. रस्त्याला लागून दोन एकर, तेवढाच आधार. सांगवीच्या रंगरावाला रस्त्यावर गिरणी घालायची होती, म्हणून तो आपलं नदीकाठचं रान देऊन तिचं घ्यायला तयार होता. जमीन तितकीच, वर बारमाही पाणी. कारखाना आला तर बघून घेईन म्हणत होता. अंगठा उठवायचा तेवढा बाकी होता, पण मारुतीच्या हातचं रान तिला सोडवत नव्हतं.

दत्तोबा तिच्या दारापुढं पाचही कलमं पुकारून थांबला, तेव्हा ती म्हणाली, "भावजी, ह्ये त्यांचं झालं. तुमी काय म्हंता? बदली करू का नको?"

माणसं गोळा झाली होती. सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत होते. ओसरीवरचा तो चहा अजून त्याच्या अंगात होता. त्यानं हलगीवर टिपरी हाणली आणि म्हणाला, "ऐका हो ऐका! ह्या शब्दाला दत्तोबा जामीन हाय!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. छबूबाईनं दुसऱ्या दिवशी रंगरावाला नकार देऊन परत लावलं. पुढं प्रत्येक चौकात दत्तोबा ते वाक्य जोडत गेला आणि लक्ष्मणरावांच्या सायकल या चिन्हाची पेटी मतांनी भरली. लक्ष्मणराव निवडून आले.

दीड वर्षानं मोजणीच्या साखळ्या आल्या. नव्या कारखान्याच्या हद्दीची रेघ आधी लक्ष्मणरावांच्या आमराईतून जाणार होती म्हणे. ती अलीकडं वळली, आमराई बाहेर राहिली आणि छबूबाईचं रान आत आलं. कारखान्याच्या मातीकामाचा ठेका लक्ष्मणरावांच्या पुतण्याला मिळाला, तेही गावाला कळलं.

दत्तोबा धावतच त्यांच्याकडे गेला. या खेपेला सतरंजी नव्हती. तो पायरीखाली उभा राहिला.

"मालक, आपलं पाचवं कलम..."

"अरे, देशाला कारखाने नकोत का?" लक्ष्मणराव सुपारी कातरत म्हणाले. "बाकीच्या चारांवर मी ठाम आहे."

का नसतील? त्या चारांत त्यांचं काय जात होतं?

"पण मी लोकांस्नी जामीन राह्यलो, मालक."

लक्ष्मणरावांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "तुला कुणी सांगितलं होतं?"

दत्तोबा माघारी वळला. खरंच कुणी सांगितलं नव्हतं. घात करणारा सुपारी कातरत बसला होता आणि लाजेनं मान खाली गेली होती ती दत्तोबाची. रस्ताभर त्याला बाप आठवत राहिला.

जमीन घेण्याच्या नोटिशीची दवंडीही त्यालाच द्यायची होती. नाही म्हणावं असं फार वाटलं. पण गोड बोलणं त्यानं पुकारलं होतं, मग कडू दुसऱ्यानं का पुकारावं? सोमवारी सकाळी तलाठ्याला बरोबर घेऊन तो निघाला. सर्व्हे नंबर, नावं, मुदत, अक्षर न गाळता. छबूबाईच्या दाराशीही थांबून तिचं नाव त्यानं घेतलं.

ती उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. पुकारून झालं तशी म्हणाली, "म्होरं? मागल्या खेपंला म्होरं आणिक येक वाक्य व्हतं तुमचं."

दत्तोबानं टिपरी उचलली. नदीपलीकडं ऐकू जाणारा तो जुना आवाज त्यानं लावला.

"ऐका हो ऐका! लक्ष्मणरावांचा शब्द खोटा! आन त्याला जामीन राह्यलेला ह्यो दत्तोबा बी खोटा!"

तलाठी त्याची बाही ओढू लागला. दत्तोबा हलला नाही, तेच वाक्य तीनदा पुकारलं. मग हलगी गळ्यातून काढून त्यानं उंबऱ्यापाशी ठेवली. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान त्याला राहिलं नव्हतं.

छबूबाईनं वाकून हलगी उचलली आणि परत त्याच्या हातात दिली.

"तुमी खोटं न्हाई, भावजी," ती म्हणाली. "पर रंगरावाला मी तुमच्या शब्दावर परत लावलं. त्यांच्या न्हाई."

आणि तिनं दार लावून घेतलं.