डबा लई जाय

आमचा बँड तिघांचा होता. मी सुरतेत, पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलच्या लॅबमध्ये कापडाचे रंग जुळवायचो आणि गिटार वाजवायचो. ड्रम वाजवणारा मित्र बँकेत होता. गाणारी मैत्रीण डिंडोलीच्या मराठी शाळेत शिकवायची. पहिली दोन वर्षं आम्ही हिंदीत, एकटेपणावर गाणी केली. तिघंही आपापल्या घरी एका खोलीत सहा-सहा माणसांत राहत होतो, त्यामुळे त्या विषयाचा अनुभव कुणालाच नव्हता. गाणी कुणी ऐकली नाहीत.

एकदा गाणारी म्हणाली, "बाबा मिलमधून रिटायर होऊन वर्ष झालं. आई अजून सकाळी सातला डबा भरते. म्हणते, डबा लई जाय."

"मग बाबा काय करतात?"

"घेऊन जातात. गच्चीवर बसून खातात."

त्यावर आम्ही घरच्या अहिराणीत गाणं केलं. रेकॉर्डिंगला बमरोलीत मित्राच्या काकांची खोली मिळाली. भिंतीपलीकडे त्यांचेच यंत्रमाग चालत. तासभर माग बंद ठेवाल का, असं मी विचारलं.

"तुम्ही तासभर गाणं बंद ठेवा," काका म्हणाले.

शेवटी मागांच्याच लयीत गाणं बसवलं. ते चांगलं झालं. गाणारीच्या आईनं ऐकलं आणि विचारलं, "हे लोकांना कशाला सांगितलं?" बाबांनी ते गच्चीवर नेऊन दोनदा ऐकलं.

मग वेसूच्या एका कॅफेत कार्यक्रम मिळाला. तिथे माग नव्हते. मित्र घाबरून वेगात वाजवत सुटला आणि चार मिनिटांचं गाणं तीन मिनिटांत आटोपलं. टाळ्या पडल्या. मग लोकांनी गरबा मागितला. आम्ही गरबा वाजवला. तो आमचा सर्वांत यशस्वी कार्यक्रम. पुढे मित्राची राजकोटला बदली झाली. बँड बंद करू या, असं कुणी म्हटलं नाही. आम्ही फक्त भेटायचं थांबलो.

गेल्या वर्षी डिंडोलीत एका हळदीला गेलो होतो. बायका आमचं गाणं म्हणत होत्या. त्यातल्या एका काकूंना विचारलं, हे कुणाचं?

"हाई ते जुनं गानं शे. मन्ही आजी म्हने."

मी बाहेर येऊन गाणारीला फोन लावला आणि सांगितलं, आपलं गाणं आता काकूंच्या आजीचं झालंय.

"दुसरं कडवं म्हणतात का?"

"म्हणतात. त्यात सासू घातलीय."

"चालीत बसते?"

"बसते."

"मग राहू दे," ती म्हणाली. तिची मधली सुट्टी संपत आली होती.

मी आत जाऊन त्यांच्यात बसलो आणि म्हणू लागलो. दोन ओळी झाल्यावर काकूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "तू चाल चुकस."