शेजार पारखणाऱ्या मावशी

घर दाखवायला नेलं की मावशी आधी त्या घरात शिरायच्याच नाहीत. पिशवीतून स्टीलची वाटी काढायच्या आणि सरळ शेजारच्या दारात जाऊन म्हणायच्या, "बाय, वाईच विरजण देती का?" मी एजंट, हातात किल्ल्या घेऊन ताटकळत उभा.

"मावशी, खोल्या तरी बघा."

"खोल्या कुटं पळून जात न्हाईत. शेजार आदी बघू."

तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असतात. दार किती उघडलं, "कोण पाहिजे?" कुठल्या सुरात विचारलं, हे सगळं त्या मनात टिपून ठेवत. एका बाईने साखळी न काढताच फटीतून "नाही" म्हटलं, तर मावशींनी बघायला आलेलं घर न बघताच रिक्षाला हात केला. मी मनात चरफडायचो. हिला घर नको, दही हवंय!

तळेगावच्या एका दवाखान्यात आया म्हणून त्यांचा जन्म गेला होता. नवरा लवकर गेलेला. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडायची होती. "म्हातारपनी हाक मारली तर ओ देनारं मानूस पायजे. मग खोली येक असली तरी चालंल," एवढंच त्यांचं मागणं होतं.

लोणावळ्यात बाजारामागच्या आळीतल्या दोन खोल्या त्यांना पसंत पडल्या. अंगण म्हणजे तुळस ठेवली की संपलं. शेजारणीने विरजण दिलं, चहा पाजला आणि सुनेशी पटतं का, हेही विचारून घेतलं. मावशी खूश. पण पैसे घालणारा मुलगा पुण्याहून आला आणि म्हणाला, "आई, इथे गाडी कुठे लावू? जन्मभर खुराड्यातच राहायचं का?"

मग मी टाकव्याच्या बाजूचा बंगला काढला. तीन मोठ्या खोल्या, आठ गुंठे आवार, पेरूची झाडं. माझी दलालीही तिथे जास्त होती, लपवून काय करू? मी त्यांना मुद्दाम रविवारी नेलं. प्रत्येक फाटकाशी गाड्या, हिरवळीवर मुलं, गाणी. मावशींनी वाटी पुढे केली, तर शेजारच्या बाईंनी दह्याचा अख्खा डबाच हातात ठेवला. संध्याकाळी पुण्याला परत निघायचं, तर डबा कोण वागवणार, म्हणून दिला होता त्यांनी. मावशींना ते काय माहीत! त्या हरखून गेल्या.

तरी निघताना त्या थबकल्या. "ही मानसं कायम हितंच असत्यात न्हवं?"

"घरं त्यांचीच आहेत, मावशी," मी म्हणालो.

सोमवार उजाडला की त्या रांगेत सगळ्या फाटकांना कुलपं लागतात, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षी एका बुधवारी पेरूला पाणी घालताना त्यांचा पाय घसरला आणि खुबा मोडला. फोन आत चार्जिंगला लावलेला. त्यांनी दिवसभर हाका मारल्या. एवढ्या आवारातून आवाज रस्त्यापर्यंत गेला नाही, आणि गेला असता तरी ऐकायला होतं कोण? गुरुवारी सकाळी त्या दूधवाल्याला दिसल्या.

मी दवाखान्यात गेलो. त्या शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमी सोता कुटं ऱ्हाता वो?" त्यांनी विचारलं. "कदी इचारलंच न्हाई म्या."

"खंडाळ्याला. दोन खोल्या आहेत."

"आंगन?"

"नाही."

"आन् शेजार?"

या एका प्रश्नाला तरी मला खोटं बोलता आलं नाही. "भिंतीला भिंत आहे, मावशी. नुसतं खोकलो तरी विचारायला येतात."

मावशींनी तोंड फिरवलं. पुढे चार दिवसांनी त्या गेल्या, म्हणजे आमची ती शेवटची भेट. त्या दिवशी मी काहीतरी बोलावं म्हणून खाटेशीच घुटमळत राहिलो. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरची बाई सलाईनची नळी सांभाळत उठली, मावशींच्या अंगावरची चादर सारखी केली आणि मला म्हणाली, "जावा आता तुमी."