शेळीच्या पाठीवरची लग्नपत्रिका

शुद्धलेखनाच्या चुका आधीच माफ करा. नववीत शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण मुकुंदवाडीतल्या आमच्या पत्रिका-फ्लेक्सच्या दुकानात किस्से इतके साचलेत की एक सांगायला जावं तर त्याच्या मागून चार निघतात. मी दुकानात फारसा बोलत नाही, म्हणून बहुतेक सगळे माझ्याकडंच साचत असावेत.

त्या महिन्यात दुकानात एकच विषय होता. जुना कॉम्प्युटर बदलायचा. आणि दुकान उघडल्यापासून टायपिंग करणारे भिवामामा रोज बजावत होते, "नवा आला की मी चाललो!"

*

मालक रफिकभाई. माऊसनं प्रत्येक गोष्टीवर दोनदा क्लिक करणार. एकदा पुरतं तिथंही दोनदा! आमच्या डिझायनर मनीषाताईनं टोकलं तर म्हणाले, "दरवाजा दो बार नहीं खटखटाते क्या?"

त्याच दिवशी त्यांनी प्रिंटचं बटणही दोनदा दाबलं. वाढदिवसाचा फ्लेक्स हवा होता एक, मशीनमधून आले दोन. गिऱ्हाईक बघतच राहिलं.

भाई शांतपणे म्हणाले, "एक गली के इस मुँह पे लगाओ, एक उस मुँह पे. लडका भाग के जाएगा किधर?"

*

मनीषाताईचा जीव फोल्डरवर. जिल्हा, त्यात तालुका, त्यात गाव, त्यात लग्न, त्यात नवरदेव.

सिल्लोडचे एक काका पत्रिकेत दुरुस्ती करायला आले. ताई एकेक फोल्डर उघडत होती. काकांचा चहा संपला, पेपर वाचून झाला. शेवटी म्हणाले, "ताई, सिल्लोडहून इथं यायला मधी एवढी गावं नाय लागली!"

*

नव्या कॉम्प्युटरमध्ये काय टाकायचं, हे सांगायला भाईंचा भाचा साजिद आला. विंडोजऐवजी फुकटातली सिस्टिम, व्हायरसचं टेन्शन नाही. लॅपटॉपवर दाखवली. सगळे खूश! मग भाई स्क्रीनवरची खिडकी बंद करायला गेले, तर बंद करायची फुली उजवीकडं नव्हतीच. डावीकडं!

"उलटे हाथ से बंद करना? बरकत जाएगी, मियाँ!"

विंडोज पक्की झाली. कोपऱ्यातून भिवामामा म्हणाले, "फुली कुठंबी असू द्या. माझ्या शेळ्यांना हात लावू नका."

*

शेळ्या म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचा वॉलपेपर. मामांचं गाव हर्सूलच्या पुढं, तिथं त्यांचा भाऊ अजून शेळ्या राखतो. त्या कळपाचा फोटो मामांनी स्क्रीनवर लावला होता आणि फायली थेट शेळ्यांवर ठेवल्या होत्या. फोल्डर एकही नाही! लग्नपत्रिका बांडी नावाच्या शेळीच्या पाठीवर, बारशाच्या करडांपाशी, श्रद्धांजली बोकडाजवळ. "त्याला तसंबी सगळं कळून चुकलंय," मामा म्हणायचे.

भाईंनी फाईल विचारली की ताईचा पहिला फोल्डर उघडायच्या आत मामांचं उत्तर तयार. "मुंडी शेळीच्या कानामागं हाय!"

मग नवा कॉम्प्युटर आला. स्क्रीन आडवी लांबलचक. साजिदनं सगळं त्यात भरलं. फायली डाव्या कडेला एका रांगेत, आणि फोटो दोन्ही बाजूंनी ताणलेला.

"अगं बाई, शेळ्यांच्या म्हशी झाल्या!" ताई हसली.

मामा हसले नाहीत. फायली जागेवर ठेवायला त्यांनी माऊस धरला. पण बांडी कुठली आणि मुंडी कुठली, त्यांनाच ओळखू येईना. "ह्या माझ्या नायत," ते हळूच म्हणाले.

साजिद म्हणाला, "मामा, सर्च में नाम डालो ना."

"नाव टाईप करून शेळी येती व्हय रं?"

मामांनी डबा उचलला. "भाई, उद्यापासून मी येत नाय."

भाईंनी हाक मारली. दोनदा मारली. मामा थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो नाही. हर्सूलकडची बस धरली. मामांचा भाऊ शेळ्या घेऊन निघतच होता.

"काका, जरा सगळ्या पसरून उभ्या करता का? फोटो काढायचाय."

"ह्यांचा फोटो? कशाला रं?"

"दुकानात कामाला ठेवायच्यात," मी म्हणालो आणि मोबाईल आडवा धरला.